जिन्यातली नदी

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं असेल, तर ते आमच्या छोट्या गावातल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तालुक्याच्या पलीकडे जग आहे आणि तिथे आपल्यालाही जाता येतं, हे मला त्यांनी पटवलं.

माझी बायको नर्स आहे. गेल्या वर्षी ती जर्मनीतल्या एका रुग्णालयात नोकरीसाठी गेली. व्हिसा झाला की मी आणि मुलं जाणार. तोवर मुलांना युरोपची ओळख असावी, म्हणून इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरात मी जगाचा नकाशा लावला आणि रोज संध्याकाळी शिकवणी सुरू केली. चौथीतला मुलगा राजधान्या घडाघडा म्हणायचा. पहिलीतली मुलगी नुसता अंगठा इंदूरवर ठेवायची आणि करंगळी जर्मनीवर टेकवायची. तिला जागा पाठ झाली म्हणून मी खूश होतो.

काही दिवसांनी तिने आईशी फोनवर बोलणं सोडलं. फोन वाजला की पलंगाखाली जाऊन बसायची. बायको तिकडून म्हणायची, "राहू दे, जबरदस्ती नको," आणि लगेच दुसरा विषय काढायची. शेवटी एकदा मीच पलंगाशेजारी जमिनीवर बसलो आणि विचारलं.

"इत्तीशी तर दूर आहे," ती वीत दाखवत म्हणाली. "आईला यायचंच नाही."

तेव्हा मला बाई आठवल्या. त्यांनी वर्गाला आधी चालायला लावलं होतं आणि मगच अॅटलस उघडला होता. "नकाशा खोटं बोलत नाही, पण सगळं लहान करून सांगतो," त्या म्हणायच्या. "किती लहान केलंय, ते आधी विचारा." मैदानावर त्यांनी चिंचोके मांडून आम्हाला प्रमाण शिकवलं होतं.

माझ्या आईने फोडलेल्या चिंचेचे चिंचोके डबाभर होते. रविवारी सकाळी ते घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. एक चिंचोका म्हणजे इंदूर ते उज्जैन, असं ठरवलं. तो रस्ता मुलीच्या चांगलाच ओळखीचा, कारण उज्जैन येईपर्यंत तिला एकदा तरी उलटी होतेच. वीत-वीत अंतरावर आम्ही चिंचोके मांडत गेलो. राजस्थान, पाकिस्तान, मग न संपणारा इराण. गच्चीला फेरा मारावा लागला.

शेजारच्या गच्चीवरून काकांनी विचारलं, "क्यों भिया, इमली बो रिये हो?"

"नहीं अंकल, यूरोप जा रिये हैं," मुलगा म्हणाला.

"पोहे खाके निकले हो ना? उधर नी मिलेंगे."

तुर्कस्तानात गच्ची संपली. युरोप जिन्यात सुरू झाला. बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया असे आम्ही पायऱ्या उतरत गेलो आणि जर्मनी अगदी खाली, दारापाशी आली. मग मी निळ्या रांगोळीने डॅन्यूब काढली. सांगितलं, की ही नदी जर्मनीत उगम पावते, आई राहते त्या गावावरून जाते आणि एकेक देश ओलांडत आपल्या दिशेने येते.

मुलगी खालच्या पायरीवर बसून वर बघत राहिली. "इत्ती सारी उज्जैनं?" तिने विचारलं. थोड्या वेळाने म्हणाली, "फोन लावा."

"आई, तू एकटी गेलीस? उलटी नाही झाली?"

 तिकडून बायको म्हणाली, "झाली ना. विमानात. दोनदा."

"मग लिंबू घ्यायचं ना जवळ," मुलगी म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली. मी जिन्यातच थांबलो.

महिन्याभराने मी बाईंना पत्र लिहिलं.

"ती. बाईंना, साष्टांग नमस्कार.

तुमची चिंचोक्यांची रीत गेल्या महिन्यात माझ्या घरी कामी आली. धाकटी आईवर रुसली होती, ती आता रोज तिच्याशी बोलते. तिची आई सुट्टीच्या दिवशी नदीवर जाते आणि पाणी किती आहे ते तिला सांगते. मग मुलगी ते पाणी आज कुठल्या देशात पोहोचलं असेल, हे नकाशात शोधत बसते. हंगेरी तिला तोंडपाठ झाला आहे. काल तिने विचारलं, की नदी काळ्या समुद्राला मिळाली की पुढे आपल्याकडे पाणी कोण आणतं?  तुम्ही काय सांगितलं असतं, ते कृपया कळवा. ती वाट बघते आहे.

आपला विद्यार्थी"