कागदात गुंडाळलेली गोळी

"अक्का, ह्यांत काही नाहीं की?"

काउंटरवर कोपर टेकून ती आधी पाकीट वाचायची आणि मग हे विचारायची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे. अशी चौकस गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. पण ही शर्यतीत आठशे मीटर पळायची, आणि बंदीच्या औषधांसाठी पळणाऱ्यांची लघवी कधीही तपासतात.

"अगं, खोकल्याची वडी आहे ती!" मी वैतागायची.

"मेडल माझे जाईल, तुमचे नव्हे."

तिची पाळी चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर केस उगवले होते. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, पुरुषी हार्मोनवर पळते. "मग पाळी चुकणाऱ्या सगळ्याच पहिल्या येऊ देत की," असं म्हणून ती हसायची, पण ओढणी हनुवटीवर घेऊन.

एका संध्याकाळी ती आली तेव्हा दुकानात चार पुरुष होते. तिनं चिठ्ठी घडी करून माझ्या हातात सरकवली. हनुवटीच्या केसांसाठी गोळ्या लिहिल्या होत्या. डॉक्टरांशी आईच बोलली होती. लग्नाचं सांगितलं, पळण्याचं नाही. बायकांच्या वस्तू बांधतो तशा मी त्या मुकाट्यानं वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मीही बोलले नाही, आणि मी बोलायला हवं होतं.

चेन्नईच्या शर्यतीत ती जिंकली. परतली ती थेट दुकानात, पिशवी खांद्यावरच.

"अक्का, लघवी घेतली. ती गोळी कसली होती? मज भय वाटते."

मी मोबाइलवर बंदीची यादी उघडली. केसांसाठीची ती गोळी लघवीही वाढवते आणि त्यामुळे दुसरं औषध लपवू शकते, म्हणून बंद. आजारासाठी आधी परवानगी मागता येते, हेही तिथंच लिहिलं होतं.

"तपासणीच्या फॉर्मात गोळीचं लिहिलंस ना?"

"कोच सर शेजारीच उभे होते. कसे लिहू?"

पुढचे दिवस ती रोज यायची आणि काही न घेता उभी राहायची. तिचा फोन वाजला की आम्ही दोघी दचकायचो. एकदा मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं आत पाहिलं.

"अक्का, ह्यांत काही नाहीं की?"

तिच्या पळण्यावर बंदी आली. आईनं तिला तिरुच्चीला मामाकडे पाठवलं. जाताना ती मला भेटली नाही.

आता कोणतीही बाई चिठ्ठी पुढे करते, तेव्हा कागद घेण्याआधी मी विचारते, "तुम्ही पळता का?" काल एका सत्तरीच्या आजींना विचारलं. दुकानातले सगळे हसले. मी त्यांच्या उत्तरासाठी थांबले.