साडेपाचची घाई

आमच्या दवाखान्यातल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे वैद्यबुवा म्हणायचे. यंत्राची नाडी त्यांना बरोबर कळायची, माणसांशी मात्र जेमतेम बोलणं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून डबासुद्धा ते सर्व्हरच्या खोलीत एकटेच खायचे. मी शेजारच्या खोलीत, पण 'या, बसू' एवढं म्हणायला माझीही जीभ रेटली नाही. त्याची आज लाज वाटते.

त्या महिन्यात डेटाबेस बिघडू लागला. रुग्णांच्या नोंदी अर्धवट, कुणाच्या तपासण्याच गायब. साहेबांना कारण नको होतं, माणूस हवा होता. तो त्यांना काउंटरवरच्या नव्या बाईंत सापडला. "शुक्रवारपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर ती घरी," ते म्हणाले.

साहेबांसारखी साप साप म्हणून भुई धोपटणं वैद्यबुवांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी डिस्क तपासली, वायरी तपासल्या आणि बिघडलेल्या प्रत्येक नोंदीची वेळ कागदावर उतरवली. गुरुवारी मला हाक मारली. सतरा नोंदी, सगळ्या साडेपाचच्या.

"साडेपाचला काय होतं?" मी विचारलं.

"बॅकअप. मीच लावलेला."

पूर्वी डेटाबेस नीट बंद व्हायला वीस मिनिटं लागायची, तोवर ते थांबायचे. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी ते थांबणं काढून टाकलं. साडेपाचला चालू असेल ते तोडायचं, नक्कल घ्यायची, घर गाठायचं. काउंटर पाचला मिटायचा, म्हणून निभावलं. त्या महिन्यापासून तो सातपर्यंत उघडा राहू लागला आणि लिहीत असलेली नोंद मधेच तुटू लागली. रोज पडदा गोठायचा, पण बाई नव्या, त्यांना वाटलं असंच असतं. काखेत कळसा, दुसरं काय!

पडद्यावर बॅकअपच्या आज्ञेशेजारी त्यांचीच टीप होती, 'ती झोपायच्या आत पोचायचं.'

शुक्रवारी ते साहेबांसमोर उभे राहिले. "चूक माझी. बाईंना काही बोलू नका." साहेबांनी त्यांची खरडपट्टी काढली, लेखी ताकीद दिली. बाईंची नोकरी वाचली. बॅकअप सातनंतर गेला आणि वीस मिनिटं परत आली.

त्या संध्याकाळी काउंटर मिटवून बाई दारात डोकावल्या.

"काका, निघायचं नाही? घरी वाट बघत असतील."

"नाही हो," ते म्हणाले. "आता कुणी नसतं."

बाई गोंधळून निघून गेल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. आज्ञा बदलली होती, टीप तशीच होती.