सहा जोड स्की

ओडवारने बार्डुफॉसच्या लष्करी हवाई तळावर एकतीस वर्षे एकच काम केले. वैमानिक पुढे बघे. मागे, हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात, कमरेला पट्टा बांधून ओडवार बसे. सैनिक चढवायचे, उतरवायचे, जखमी आत घ्यायचे. टेकताना पात्यांच्या वाऱ्याने बर्फ उसळून वैमानिकाला काही दिसेनासे होई, तेव्हा जमिनीचे अंतर तोच सांगे. त्याने "चल" म्हटल्याशिवाय हेलिकॉप्टर उठत नसे.

माणसांबरोबर तो त्यांच्या स्की, बर्फावरून घसरत जायच्या लाकडी पट्ट्याही, मोजी. त्यावरून सगळे त्याला चिडवीत.

एका फेब्रुवारीत, युद्धसरावात, डोंगरमाथ्यावरून सात जणांची तुकडी आणायची होती. त्यांच्या प्रमुखाचा, कॉर्पोरलचा, पाय मोडला होता. हेलिकॉप्टरमधला वैद्यकीय सहायक खाली उतरला, त्याने कॉर्पोरलला स्ट्रेचरवरून आत घेतले, मागोमाग बाकीचे चढले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, चेहरे झाकलेले. ओडवारने मोजले. सात.

"झालं का रे?" वैमानिक सुन्निवा ओरडली. "ढग टेकायला आलेत."

"थांब. स्की सहाच जोड आहेत."

"माणसं मोज ना, लाकडं काय मोजतोस!"

"माणसं सात भरतायत."

"मग टाकल्या असतील कोणीतरी."

"आपला माणूस एक वेळ बायकोला विसरेल, सुन्निवा. स्कीला नाही."

त्याने एकेकाचा चेहरा उघडून पाहिला. सातवा हेलिकॉप्टरमधलाच वैद्यकीय सहायक निघाला. गडबडीत सैनिकांच्या रांगेत बसला होता.

"मागच्या पहाऱ्यावर कोण होतं?"

कॉर्पोरलचा चेहरा उतरला. "योस्टाइन. त्याला उठवायचं काम माझं होतं."

मागच्या पहारेकऱ्याने हेलिकॉप्टरकडे पाठ करून, बंदूक रोखून पालथे पडून राहायचे. खांद्यावर थाप पडल्याशिवाय उठायचे नाही, मागे काही का गडगडेना. थंडी उणे पंचवीस, आणि ढग उतरल्यावर उद्यापर्यंत तिथे कोणी पोहोचणार नव्हते.

"दोन मिनिटं," सुन्निवा म्हणाली. "जास्त नाही जमणार."

ओडवारने पट्टा सोडला आणि पावलांच्या खुणांवरून धावला. चाळीस पावलांवर बर्फाचा एक उंचवटा होता. त्याने त्यावर थाप मारली.

"किती वेळ!" उंचवटा म्हणाला. "मला वाटलं, जेवायला बसलात."

काही वर्षांनी, ओडवारच्या शेवटच्या उड्डाणानंतर, सगळे निरोपाचे वॅफल खायला निघून गेले, तरी तो दारातच बसून राहिला. योस्टाइन, आता स्वतः कॉर्पोरल झालेला, परत आला आणि त्याने ओडवारच्या खांद्यावर थाप मारली.

ओडवार उठला. "स्की?"

"मोजल्या. पुऱ्या आहेत. चल आता, वॅफल गार होतायत."