गुरुवारची चिठ्ठी

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. माझी लेक मात्र वरकुट्याहून बारामतीला कॉलेजात गेली, हे मी चावडीवर बसून अजून सांगतो.

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. ती तिथंच मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिथला कारभार मुलीच बघायच्या. झाडलोट, वाढप, फाटकावर बसणं, सगळ्याच्या पाळ्या लावलेल्या. दुसऱ्या वर्षी मुलींनी माझ्या लेकीला सेक्रेटरी निवडली.

गुरुवारी बारामतीचा बाजार. बाजाराला आलेले आईबाप पोरीला भेटायला शिरायचे आणि व्हरांड्यात पिशव्या टाकून दुपारपर्यंत हलायचे नाहीत. पोरींचे तास बुडायचे. म्हणून लेकीनं नियम केला. भेट रविवारीच. मध्येच काम निघालं तर फाटकावर चिठ्ठी द्यायची, तीत कारण लिहायचं, सेक्रेटरीची सही झाली तरच भेट. दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, आता सगळ्यांच्या आज्या गुरुवारीच आजारी पडायला लागल्यात." मी आणि तिची आई पोट धरून हसलो होतो.

माघात एका सकाळी तिची आई गोठ्यात पडली, ती उठलीच नाही. वार गुरुवार. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी बसा हितं. मी आणतो पोरीला."

"पोर माझी हाय. मीच आणणार."

त्याची सख्खी बहीण गेली होती. तरी त्यानं वाट सोडली. मी एस्टीत बसलो.

फाटकावर पाळीची मुलगी होती, छातीला बिल्ला लावलेली. मी लेकीचं नाव सांगितलं, तिनं वही-पेन काढलं. "आबा, कारण काय लिहू?"

"लिही, बाप आलाय."

"ते लिहिलं. पण काम काय?"

"बापाला काम लागतं व्हय?"

ती हसली. "आबा, नियम तुमच्याच लेकीचा हाय. मला कशाला दमात घेता?"

आमच्याकडं आई गेल्याचं पोरीला असं कुणाच्या हातानं कागदावर पाठवत नाहीत. आजारी आहे म्हणायचं, घरापर्यंत आणायचं. आजारी असं लिहून घेता आलं असतं. पण ती चिठ्ठी वाचून लेक हसेल, माझाही बाप त्यातलाच निघाला म्हणेल, हे मनात आलं आणि जीभ वळली नाही.

मुलगी चिठ्ठी घेऊन आत गेली, परत आली. वाचून दाखवलं, "दादा, रविवारी या. नियम सगळ्यांना सारखा."

मला त्या घडीलाही बरं वाटलं. हे कुणाला सांगितलेलं नाही, लिहितोय. बापालाही सूट देत नाही पोर, असं वाटलं.

ती मुलगी माझ्याकडं बघत होती. "आबा, काय अडचण हाय का? असली तर सांगा. मी पळत जाते."

"न्हाय. समदं ठीक हाय."

समोरच्या लिंबाखाली थोडा वेळ बसलो. आत तासाची घंटा झाली. मग उठलो आणि स्टँडवर आलो.

घरी माणसं वाट बघत उभी होती. मेव्हण्यानं माझ्या मागं बघितलं. "पोर कुठाय?"

"परीक्षा हाय तिची."

"आई मेल्यावर कसली परीक्षा, दाजी?"

दिवस मावळायच्या आत तिला नेलं. अग्नी मी दिला. रडू आलं नाही. धूर कुणीकडं जातोय तेवढं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा स्वतः गेला. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, आई वारली. सही व्हायला वेळ लागला नाही म्हणे.

लेक आली. दारातच उभी राहिली. "दादा, तुम्ही काल कारण का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाय."

फाटकावरच्या मुलीनं तिला सगळं सांगितलं असणार. तिच्या तोंडावरून ते कळत होतं. पण बायामाणसांसमोर तिनं मला खोटं पाडलं नाही. आत येऊन बसली. मग तिनं विचारलं, "आईला कुठलं लुगडं नेसवलं होतं?"

"हिरवं," मी म्हणालो.

सवाष्ण बाईला हिरवंच नेसवतात, म्हणून म्हणालो. मी बघितलं नव्हतं.