अळणी कालवण

माझा थोरला भाऊ म्हणजे जमदग्नीचा अवतार. डोंबिवलीच्या खाडीकाठी आमचं गाव, घरातले सगळे पुरुष मिठागरावर. दादाची जीभ अशी तयार, की खाऱ्या पाण्याचा थेंब चाटून मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचा. त्याच जिभेने आम्हाला भाजूनही काढायचा. कालवणात मीठ कणभर कमी पडलं की ताट सरकवायचा, आणि वहिनीचा व माझा उद्धार सुरू. मी काही कमी फटकळ नाही, पण दादापुढे माझी बोबडी वळायची.

वहिनी बिचारी देवभोळी. तिने टिटवाळ्याच्या गणपतीला नवस केला: यांचा राग जाऊ दे, एकवीस मोदक घेऊन येईन. आणि काय सांगू, स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी, एका मिठाच्या हंगामात दादा खरंच गप्प झाला. ओरडणं बंद. पुढ्यात येईल ते जेवायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. तांबडं फुटायच्या आधीच ओटीवर येऊन बसलेला दिसायचा, तर आम्ही म्हणालो, देवाधर्माला लागला. शेजारणी म्हणायच्या, माणूस किती निवळला! आम्ही दोघी हौसेने टिटवाळ्याला जाऊन नवस फेडून आलो. त्या मोदकांची आठवण झाली की अजून मला स्वतःची चीड येते.

मग एके दिवशी माझ्या हातून कालवणात मीठच घालायचं राहिलं. दादा आधी जेवून उठला होता. मी पहिला घास घेतला आणि तो घशाखाली उतरेना. आमच्या दादाने ताटभर अळणी जेवण मुकाट्याने संपवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कसं झालंय विचारलं, तर म्हणाला, बरं आहे. वहिनीला सांगितलं तर ती भडकली. इतक्या वर्षांनी घरात शांतता आलीय, ती तुला बघवत नाही का, म्हणाली.

आठवड्याने दादाने मीठ ओढायचं आपलं फावडं शेजाऱ्याला देऊन टाकलं. वडिलांच्या हातचं ते, कुणाला शिवू द्यायचा नाही. लोक म्हणाले, दिलदार माणूस. मला मात्र राहवेना. भर दुपारी मी मिठागराकडे धावले. भरतीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीपाशी, बांधाच्या अगदी कडेला, तो चपला काढून उभा होता. मी त्याचा दंड धरला. असं धाडस मी जन्मात केलं नव्हतं. हिसडा देईल वाटलं, पण दंडात जीवच नव्हता.

"बाय, मना कशाचीच चव नाय लागत," तो म्हणाला. "जगावंसंच वाटत नाय."

मी दंड सोडला नाही, तसाच धरून त्याला घरी आणलं. ऐकून वहिनी त्याची वाट अडवून उंबऱ्यात बसली.

आमच्या गावात ठाण्याला नेलं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात घातलं, असाच अर्थ. भावकी आडवी आली, घराण्याची लाज काढू नका म्हणाली. मी सांगितलं, लाज तुम्ही सांभाळा, मला माझा भाऊ हवाय. वहिनीने डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही त्याला मधे बसवून गाडीने ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी दोन महिने ठेवून घेतलं. असं कशाने झालं, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

तो घरी आल्यावर वहिनी पुन्हा टिटवाळ्याला गेली, या वेळी एकटी. देवा, यांचा राग परत दे, म्हणून. आणि मी दर सोमवारी कालवण अळणी करू लागले. दर सोमवारी आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. तो मुकाट्याने जेवायचा, उठायचा. पावसाळा आला आणि गेला.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्याने घास घेतला, थांबला आणि ताट सरकवलं.

"कालवनान मीठ कोन टाकनार?"

वहिनी मीठ आणायला उठली ती बरणीपाशीच बसून हुंदके देऊ लागली. रांधता येत नाही आणि वर रडता, म्हणून दादा आम्हा दोघींना शिव्या घालत होता, आणि मी त्या कान भरून ऐकत होते.