इन म्हणजे नाही

दत्ताराम महाडजवळच्या नाते गावचा. महाडच्या शाळेत इंग्रजी तीन इयत्ता झाला, तोच बाप गेला आणि शाळा सुटली. इंग्रजीचं वेड मात्र सुटलं नाही. त्याच्या मास्तरांनी शब्द फोडायला शिकवलं होतं. पुढे 'अन' किंवा 'इन' लागलं की अर्थ उलटा, मागे 'लेस' आलं की ती गोष्टच नाही, 'एबल' आलं की 'जोगं'. वालाची शेंग सोलावी तसा दत्ताराम दिसेल तो इंग्रजी शब्द सोलत बसायचा. 'दत्तारामाला इंग्रजी येतं' असं कुणी म्हटलं की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

कशेडी घाटाचा रस्ता रुंद करायचं काम निघालं, तेव्हा पोलादपूरच्या ठेकेदाराने त्याला मजुरांची हजेरी मांडायला ठेवून घेतलं. आसपासच्या वाड्यांवरच्या बाया खडी फोडायला येत. त्यात ठमाबाई होती. नवरा मुंबईला गिरणीत, शेतीचं सगळं हिच्याच अंगावर. उन्हाळ्यात ती घाटात यायची.

एके दिवशी डांबर पातळ करायच्या तेलाची पिंपं आली. पिंपांवर लाल इंग्रजी अक्षरं होती. दुपारी वारा सुटला आणि चहाची चूल काही पेटेना. ठमाबाईने हाक मारली, "दत्तू, या पिंपांच्या आडोशाला चूल मांडली तर चालंल का रे? काय लिवलंय त्यावर?"

मुकादमाला विचारा, एवढं त्याला सांगता आलं असतं. पण पाच-सहा बाया त्याच्याकडे बघत होत्या. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. "इन्फ्लेमेबल. हे बघा वैनी, फ्लेम म्हणजे ज्वाळा. एबल म्हणजे जोगं. आणि पुढे लागलाय इन. इन म्हणजे नाही. म्हणजे पेट न घेणारं. मांडा खुशाल."

"शिकलेला मानूस जवळ असला की बरं असतं गो," ठमाबाई बाकीच्यांना म्हणाली आणि तीन दगड मांडू लागली.

एका पिंपाच्या बुचातून तेल झिरपत होतं. काडी ओढली आणि भडका उडाला. बाया ओरडत मागे पळाल्या. ठमाबाई चुलीवर वाकलेली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गड्यांनी माती फेकली, ओली गोणपाटं टाकली. तिला ट्रकमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात नेलं. ट्रक वळणाआड गेला तरी दत्ताराम जागचा हलला नव्हता.

संध्याकाळी ओव्हरसिअर आले. "तेलाजवळ चूल कुणी मांडू दिली?"

बनुबाई नावाच्या म्हातारीने एकदा दत्तारामाकडे पाहिलं. तो बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. मग तीच म्हणाली, "आमची आमीच मांडली, सायेब. आमाला काय वाचता येतंय?"

"अडाणी लोक!" ओव्हरसिअर म्हणाले. त्या दोन शब्दांनी दत्तारामाच्या कानशिलात जाळ झाला. तरी तो हजेरीची वही चाळत राहिला.

रविवारी तो महाडला गेला. दवाखान्यावरून गेला, पण आत पाऊल पडेना. तसाच मास्तरांच्या घरी पोचला आणि तो शब्द त्यांच्यापुढे ठेवला.

"पटकन पेट घेणारं," मास्तर म्हणाले.

"पण इन म्हणजे नाही ना, सर?"

"तो इन वेगळा. हा 'आत'वाला. आत ज्वाळा धरणारं. अरे, 'विफल'मधला वि आणि 'विशुद्ध'मधला वि एकच काम करतात का? एकात फळ नाही, आणि दुसऱ्यात शुद्धपणा वाढतो. नुसता तुकडा बघून अर्थ लावायचा नसतो." मग त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "झालं काय?"

दत्तारामाने सांगितलं. मास्तर म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सगळे मजूर असताना त्याने ओव्हरसिअरला सांगितलं, "चूल मांडायला मी सांगितलं होतं. बायांची चूक नाही." त्याचं काम तिथल्या तिथे गेलं. बनुबाई म्हणाली, "सुटलास," पण त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही.

ठमाबाई घरी आल्याचं कळलं तसा तो तिच्या वाडीवर गेला. ती पडवीत बसली होती, हात फडक्यात गुंडाळलेला.

"वैनी, माझ्यामुळे झालं. मला तो शब्द येत नव्हता."

"ठाव हाय. मीच इचारलं, तूच सांगितलंस."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? दवाखान्यात आले होते ना ते?"

"तू सांगशील म्हनून वाट बगितली."

"सांगितलं मी. सगळ्यांसमोर."

"उशिरा सांगितलंस. शब्द नाय येत, चालतंय रे. आमाला कुठं येतोय? पन त्या म्हातारीला अडानी म्हनवून घेऊ दिलंस." ती उठली. "बोटं वाकत नाय आता. जा तू."

तो मान खाली घालून उतरला.

भातलावणीच्या दिवसांत, कुणी न बोलावता, तो तिच्या खाचरात जाऊन उभा राहिला. ठमाबाई बांधावरून बघत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. त्याने रोपांच्या जुडीचा आवा उचलला आणि लावायला सुरुवात केली. दुपारी तिने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या बांधावर ठेवला आणि पाठ फिरवून निघून गेली. पाणी पिताना त्याला वर बघवेना.