माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे!

दोन रविवारांपूर्वी वालीव नाक्यावर माझं भांडण झालं. चूक शंभर टक्के समोरच्याची होती आणि माझ्याकडे पुरावा होता... म्हणून तर माझा आवाज एवढा चढला.

पुरावा कुठून आला ते आधी सांगतो. आमची गाडी बारा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण पुढे तो जुना सीडी प्लेअर, आणि त्यात अडकलेली सीडी आता निघतही नाही. मित्रांच्या गाड्यांतले मोठाले स्क्रीन पाहून मला नाही म्हटलं तरी वाईट वाटायचं. शेवटी एक पोर्टेबल टचस्क्रीन मागवला. सोबत दोन कॅमेरे... एक पुढच्या काचेला, एक मागच्या.

शनिवारचा अख्खा दिवस व्हिडिओ बघत बघत मी स्वतः सगळं बसवलं. आवाज मात्र जुन्या रेडिओतूनच यायचा. स्क्रीनवर जे वाजेल ते एफएमच्या एका नंबरावर पकडायचं. माझी बायको लिंडा म्हणाली, "काही उरलं नाही ना रे?" दोन स्क्रू उरले होते. मी गुपचूप खिशात टाकले.

रविवारी नात्यातल्या एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि पार्टी हायवेवरच्या हॉलमध्ये. मी, शेजारी लिंडा, मागे आई. गाडी सुरू झाली की आईची रोझरी, म्हणजे जपमाळ, सुरू होते, मग प्रवास दहा मिनिटांचा असो की दहा तासांचा.

नाक्यावरच्या हलक्या उतारावर ट्रॅफिक तुंबलं होतं. आमच्या पुढे पाण्याच्या जारनी भरलेला टेम्पो. आम्ही सगळेच उभे... आणि एकदम धाड! आमच्या बंपरची एक बाजू निखळून लोंबायला लागली.

मी तावातावाने उतरलो. "रिव्हर्स घेताना मागे बघायचं नाही?"

टेम्पोवाला पंचावन्नच्या आसपासचा, शांत माणूस. म्हणाला, "मी जागचा हाललो नाय, शेठ. हँडब्रेक ओढलेला हाय, बघा."

रस्त्याकडेच्या वर्कशॉपमधली चार-सहा माणसं चहाचे ग्लास घेऊन जमली. माझा इस्त्रीचा शर्ट, त्याचा कळकट... लोकांनी माझीच बाजू घेतली. आईने काच खाली करून सांगितलं, "मी डोळ्यांनी पाहिलं, टेम्पोच मागे आला!" हातात रोझरी होती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

लिंडाने दोनदा माझी बाही ओढली. "अरे, जाऊ दे ना..." मला वाटलं, घाबरली बिचारी.

कोणीतरी टेम्पोवाल्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. "भरपाई दे आणि सुट." तो फक्त म्हणाला, "अरे, पानी पोचवायचंय लग्नघरी. मी खोटं कशाला बोलू?"

तेव्हा मी ते वाक्य टाकलं, जे बोलण्यासाठी बहुतेक मी तो कॅमेरा घेतला होता. "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे!"

"मंग बरंच झालं," तो म्हणाला. "लावा."

मी चारही दरवाजे उघडले, रेडिओचा आवाज वाढवला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. सगळे वाकून बघायला लागले. चित्र इतकं स्वच्छ की टेम्पोवरचा प्रत्येक जार मोजता येईल.

टेम्पो उभा होता. अगदी स्तब्ध. आणि हळूहळू... तो मोठा होत होता.

आवाजही रेकॉर्ड होतो हे मला माहीतच नव्हतं. चारही स्पीकरमधून माझा आनंदी आवाज आला, "हे बघ लिंडा, मागचा कॅमेरा! मागच्या रिक्षावाल्याची मिशीसुद्धा दिसते!"

"अरे, पुढे बघ."

"थांब, झूम करून दाखवतो..."

"अरे, ब्रेक! पाय सुटलाय तुझा!"

मागून आईचं "नमो मरिया" एका लयीत चालू. मग धाड. मग आईचा प्रश्न, "काय झालं गं? माझे डोळे मिटलेले होते."

चहा पिणारा एक जण असा हसला की त्याचा ग्लास सांडला, आणि सगळा नाकाच हसायला लागला. आईने काच वर केली.

हसला नाही तो एकटा टेम्पोवाला. मी हात जोडले. तो म्हणाला, "होतं, शेठ. नवीन वस्तू हाय, मन जातंच." मग जार बांधायची दोरी काढून, रस्त्यावर गुडघे टेकून त्याने माझा बंपर बांधून दिला. मी मघाशी ज्याला खोटारडा म्हणत होतो, तो!

उठताना हळूच म्हणाला, "ह्यो क्यामेरा माझ्या टेम्पोला बसंल का? आमच्यावर रोजच कोन ना कोन आळ घेतो."

त्या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली तेवढी रेकॉर्डिंगनेही वाटली नव्हती.

परवाच्या रविवारी जूचंद्रला त्या टेम्पोवाल्यांच्या घरी गेलो. हरेश्वरभाऊ त्यांचं नाव. दुपारभर खपून मी त्यांच्या टेम्पोला कॅमेरा बसवून दिला. त्यांच्या घरच्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, मला नको म्हणता येईना.

जेवताना वहिनींनी विचारलं, "तुमची वळख कुठली?" मी मान खाली घालून भाकरी मोडू लागलो.

हरेश्वरभाऊ पटकन म्हणाले, "वालीवला यांची गाडी जरा बिघडली होती. मी दोरी दिली." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

त्या माणसाने स्वतःच्या घरातही माझी अब्रू राखली. म्हणून खरं काय झालं ते आज मीच इथे लिहितोय... थँक यू, हरेश्वरभाऊ.